बुधाजींचा फोटो

आशाबाईंनी हाराला हात घातला तेव्हा दुकानात दिवाळीची गर्दी होती. झेंडूचा जाड हार होता, वर खिळ्यात अडकवलेला. पहिल्या हिसक्यात निघाला नाही. दुसऱ्या हिसक्याला दोरी तुटली आणि फुलं चकचकीत फरशीवर घरंगळत गेली.

"ओ आजी! काय करून राहिल्या तुमी?" साड्यांच्या विभागातली मुलगी धावत आली.

"जित्या मानसाच्या फोटोले हार कोनं घातला?" आशाबाईंचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. "कोनाच्या बापानं घातला?"

"ते आमचे फाउंडर हायेत, आजी. बुधाजी. खाली नाव हाय ना मोठं."

"बुधाजीले म्या पायलं हाय. त्याचं नाक बसकं होतं. हा माया नवरा हाय!"

मुलीनं फोटोकडे पाहिलं, आशाबाईंकडे पाहिलं आणि मदतीसाठी त्यांच्याबरोबर आलेल्या लेकीकडे, दामिनीकडे पाहिलं.  फोटो पुरुषभर उंचीचा होता. पांढऱ्या धोतरातला म्हातारा काळ्या सायकलचं हँडल धरून उभा, मागे कॅरिअरवर कापडाचं गाठोडं, आणि तोंडावर असं हसू की अनोळखी माणसालाही वाटावं, याच्याकडून घेतलं तर फसवणूक होणार नाही. ते हसू दामिनीच्या वडिलांचं, पंजाबरावांचंच होतं. हा फोटो इथे असल्याचं ती उद्‌घाटनापासून जाणून होती. दिवाळीसाठी अमरावतीहून आलेल्या, तिथल्या दुकानात कधी न जाणाऱ्या आईला तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

खरे पंजाबराव त्या वेळी दारात उभे होते. अकोल्याच्या जठारपेठेतल्या या 'बुधाजीज'मध्ये येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून "या, आपलं स्वागत आहे" म्हणायचं, हे त्यांचं काम. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात जरीचं जाकीट. पाच मिनिटांपूर्वी त्यांनी बायकोलाही तसेच हात जोडले होते. "या ताई," एवढं तोंडातून गेल्यावर त्यांना उमगलं, आणि दोघंही हसत सुटले होते. "हे कोनतं सोंग काढलं म्हातारपनी?" म्हणत आशाबाई हसतच आत शिरल्या होत्या.

आता ते लगबगीनं आले, वाकले आणि फरशीवरची फुलं वेचू लागले.

"दामिनीची माय, चाल. घरी बोलू."

"पयले सांगा, हे काय हाय?"

"घरी म्हनलं ना." मग फुलांची ओंजळ त्या मुलीच्या हातात देत ते हळूच म्हणाले, "दुसरा हार आन बेटा. गिऱ्हाईक पाहून राहिले."

खरे बुधाजी भाजी पिकवणाऱ्या घरातले. वांगी-मेथीच्या टोपल्या बाजारात नेता नेता त्यांच्या लक्षात आलं, की बायका भाजीला घासाघीस करतात आणि कापडाला हात लावून उभ्या राहतात. त्यांनी सायकल घेतली. बडनेऱ्याचा बाजार, भातकुलीचा बाजार, असं करत करत अमरावतीला जवाहर रोडवर एक गाळा झाला. दुकानाला पाटी नव्हती. पांढरी गादी, दोन लोड आणि पाण्याचा माठ. पंजाबराव मिसरूड फुटायच्या आत तिथे लागले. तिघा भावांत ते धाकटे, आणि शेत दोघांना पुरेल एवढंच होतं. साडी उलगडून फेकावी ती त्यांनी. शेवटच्या बाईच्या मांडीपर्यंत पदर जायचा, पण काठ कधी उलटा पडायचा नाही. गिऱ्हाइकाचं मन होत नसलं की स्वतःच्याच खांद्यावर पदर घ्यायचे आणि मान वेळावून बसायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि साडी घ्यायच्या. दामिनीचं लहानपण त्या गादीच्या कडेला गेलं. आपले वडील दिवसातून कितीदा तरी बाई होतात, याचं तिला काही वाटत नसे.

बुधाजी गेले. मुलाच्या काळात 'बुधाजी अँड सन्स' झालं, वर दोन मजले चढले. नातू नितेश अमेरिकेला शिकायला गेला आणि शिकता शिकता तिथल्या एका मोठ्या दुकानात कामाला राहिला. त्या कंपनीची एका खेडेगावातल्या एका दुकानापासून सुरुवात, आणि आता प्रत्येक शहरात एक. परत आला तो हीच गोष्ट घेऊन. सगळ्या नोकरांना बसवून त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. "तिथं प्रत्येक दुकानात शिरल्याबरोबर संस्थापकाचा फोटो असतो. आणि दारात एक म्हातारा माणूस उभा असतो, नुसता स्वागताला. लोक कपडे कुठूनही घेतात, पण गोष्ट असली की आपल्याकडून घेतात."

गादी निघाली. रॅक आले, आरसे आले, सरकते जिने आले. आता बायका स्वतःच साड्या काढत आणि स्वतःच खांद्यावर टाकून आरशात पाहत. यवतमाळ झालं, खामगाव झालं, अकोला झालं. पाटीवर नुसतं 'बुधाजीज' राहिलं.

गोष्ट होती, फोटो मात्र नव्हता. बुधाजींचा एकुलता एक फोटो मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसत. पुण्याहून आलेल्या जाहिरातवाल्यानं मॉडेल घ्या म्हटलं. नितेश म्हणाला, "मॉडेल कशाला? पंजाब काका आहेत ना." एका सकाळी वडाळीच्या रस्त्यावर सायकल धरून पंजाबरावांना उभं केलं. मधल्या सुट्टीत दह्यातला गिला वडा खाऊ घातला. घरी आल्यावर ते किती तरी दिवस त्या गिल्या वड्याचंच कौतुक सांगत होते. पुढे अकोल्याच्या दारात उभं राहायला माणूस हवा होता, तेव्हा त्यांनाच पाठवलं. दामिनी अकोल्याला एका कॉलेजात ग्रंथपाल होती, एकटी राहत होती. ते तिच्याकडे राहू लागले. आशाबाई अमरावतीचं घर धरून राहिल्या.

हार तुटला त्या संध्याकाळी दामिनीच्या घरी दिवा लावायचंसुद्धा कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

"तो फोटो बुधाजीचा हाय," पंजाबराव म्हणाले. "म्या फक्त उभा राहिलो. हार त्याले हाय, मले नाई."

"तोंड कोनाचं हाय?"

"आता तोंडाले काय करतं? नाटकात राम होते एखादा, म्हनून त्याले काय वनवासात धाडते का?"

"नाटक संपलं का रामाले घरी धाडते. तुमाले रोज टांगून ठेवलं." आशाबाई म्हणाल्या. "अन् सकाळी काय करता तिथं? दामिनी म्हने, समदे नोकर उभे रायते फोटोपुढं."

"हात जोडतो. गोष्ट म्हनतो. सायकलपासून सुरुवात, असं."

"तुमीबी जोडता? सोताच्या फोटोले?"

"मग? पाया पडन्यासारखा दुसरा मानूस भेटला कुठं?" ते हसले. बाकी कोणी हसलं नाही.

आशाबाई दामिनीकडे वळल्या. "तू शिकली-सवरली हायेस. तुले हे पटते का?"

दामिनीला हारानं माणूस मरतो हे पटत नव्हतं. पण रोज सकाळी अगरबत्ती लावून, फुलं घालून, हात जोडून तिच्या वडिलांना मेलेलं धरलं जातं, आणि त्या रांगेत तेही उभे असतात, हे तिला सहन होत नव्हतं, आणि याला कुठलं पुस्तकातलं नाव द्यावं हे तिला सुचत नव्हतं. ती म्हणाली, "मी बोलते नितेशशी. फोटो राहू दे, हार तेवढा काढा म्हणते."

"नोको," पंजाबराव एकदम म्हणाले. "बेटा, नोको. गादी नाई, काउंटर नाई. दार तेवढं हाय. दारातूनबी काढलं त मी कुठं जाऊ?"

तरी ती गेली, दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या केबिनमध्ये.

नितेश उठून उभा राहिला, खुर्ची दिली, कॉफी मागवली. वाईट माणूस नव्हता. लहानपणी पंजाबरावांच्या मांडीवर बसून त्यानं गाठोडी मोजली होती.

"ताई, काकूंचं मला कळतं. पण फोटो सगळ्या शाखांत आहे. पिशव्यांवर छापलाय."

"फोटोचं म्हणतच नाही मी. हार काढा."

"पहिले महिनाभर हार नव्हता, माहितीये? गिऱ्हाइकं विचारायची, हे आहेत का अजून? भेटता येईल का? बिलाच्या खिडकीवर रोज तेच. एका बाईंनी तर दारातल्या काकांकडे बोट दाखवून विचारलं, हेच का ते मालक? मग हार घातला, तेव्हा बंद झालं. बुधाजी वारले हे लोकांना हारामुळेच कळतं."

"म्हणजे हार काढला तर बाबा जिवंत होतील."

नितेशनं कप खाली ठेवला. त्यानं काचेतून बघितलं. खाली दारात गुलाबी फेटा वाकत होता, उठत होता.

"मी काहीतरी करतो, ताई," तो म्हणाला.

त्यानं केलंही. पुढच्या आठवड्यात सगळ्या शाखांत झेंडूऐवजी चंदनाच्या सालींचे हार आले, घराघरातल्या भिंतींवर गेलेल्यांच्या फोटोंना असतात तसे. रोज बदलायचं काम उरलं नाही. पंजाबरावांनी ते घरी सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात जरा अभिमानच होता. "मायासाठी केलं पोरानं. समद्या दुकानात." दामिनीनं आईला फोनवर सांगितलं, हार काढला म्हणून. झेंडूचा काढलाच होता.

त्याच सुमारास कॉलेजात आलेल्या एका मासिकात तिनं नितेशच्या त्या अमेरिकेतल्या दुकानाबद्दल वाचलं. एकामागून एक शाखा बंद होत होत्या. रिकाम्या इमारतीच्या भिंतीवर संस्थापकाच्या फोटोची चौकट तेवढी धुळीत उमटून राहिलेली, असं छायाचित्र होतं. नितेशला हे माहीत नसेल असं नाही. तिनं मासिक मिटून रॅकवर ठेवलं.

अकोल्याचा उन्हाळा फेब्रुवारीच्या शेवटालाच सुरू होतो. मे उजाडला तेव्हा दुकानाचं काचेचं दार उघडलं की पंजाबरावांच्या पाठीला आतला गारवा लागायचा आणि छातीला रस्त्याची झळ. दिवसभर हेच. नितेशनं स्टूल ठेवायला लावलं होतं. ते बसत नसत. "बसून हात जोडले का भिकाऱ्यासारखं दिसते," म्हणायचे. एका दुपारी फेटा काढून त्यांनी मांडीवर घेतला आणि पहिल्यांदा त्या स्टुलावर बसले. ताप भरला होता. दवाखान्यात नेलं. डॉक्टर ऊन म्हणाले, मग फुप्फुस म्हणाले, मग बाहेर येऊन दामिनीला बाजूला बोलवू लागले.

आशाबाई उशाशी बसून होत्या. हाराचा विषय त्यांनी काढला नाही. पंजाबराव गेल्यावरही काढला नाही. "मी म्हनत होती" असं आईनं एकदा तरी ओरडून म्हणावं, म्हणून दामिनी थांबून होती. तेही झालं नाही.

तेरावं अमरावतीच्या घरी झालं. सकाळी पुंजाजी, पंजाबरावांचे थोरले भाऊ, पाट मांडून बसले. "फोटो आना," म्हणाले.

फोटो शोधू लागले. लग्नातला होता, त्यात मुंडावळ्यांमागे चेहरा दिसत नव्हता. दामिनीच्या फोनमध्ये बरेच होते, सगळे दारातले, फेट्यातले, हात जोडलेले. त्यातला एखादा पाटावर ठेवला असता तर येणाऱ्या प्रत्येकाला ते "या, आपलं स्वागत आहे" म्हणताना दिसले असते. मग पुंजाजी स्वयंपाकघरातून कांद्याची पिशवी रिकामी करून घेऊन आले. बुधाजीजची पिशवी. दोन्ही बाजूंना सायकल, धोतर आणि ते हसू.

"हा पाय ना किती झ्याक आला. कापून फ्रेम करू. आताच नेऊन देतो."

"तो बुधाजी हाय," आशाबाई म्हणाल्या.

"आशाबाई, तुमीच त म्हनत होत्या, माया नवरा हाय म्हनून. भर दुकानात."

"म्हनत होती. कोनं आयकलं?" त्यांनी पिशवी घेतली, कांदे परत भरले. "फोटो नाई ठेवाचा. दिवा लावा फक्त."

मग पाटावर नुसता दिवा राहिला. मागे निळ्या चुन्याची भिंत. लोक येत होते, पाटापुढे फूल ठेवत होते, भिंतीकडे बघून हात जोडत होते आणि जरा गोंधळून मागे सरत होते.

दुपारी नितेश आला. ड्रायव्हरनं गाडीतून हार काढून त्याच्या हातात दिला. गुलाब आणि निशिगंधाचा, चांगला भरगच्च. तो आत आला, पाटाजवळ गेला आणि थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. 

"फोटो..." तो दामिनीला म्हणाला.

"ठेवला नाही," दामिनी म्हणाली.

तो सतरंजीवर बसला. हार मांडीवर. बोलायचं म्हणून आला होता ते बोलला, की काका आमच्या घरचेच होते, की दारात दुसरा माणूस ठेवायला मन होत नव्हतं. मग खाली बघून म्हणाला, "सोमवारपासून ठेवलाय."

"त्याले बसाले सांगजा," आशाबाई म्हणाल्या. "उभा राहू नोको म्हना."

"हो, काकू."

चहा आला. त्यानं हार सांभाळत एका हातानं कप धरला. अर्धा चहा झाल्यावर उठला. ओट्यावर बुटांपाशी आला आणि लेस बांधायला वाकला तर हार जमिनीला टेकू लागला. त्यानं तो एकदा खांद्यावर टाकून पाहिला, मग घाईनं काढला.

आशाबाई मागे आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. नितेशनं हार त्यांच्या हातात दिला. तो दोन्ही बुटांच्या लेस बांधेपर्यंत त्या हार दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून उभ्या राहिल्या, ओलं कापड धरावं तसा. तो उठला तसा त्यांनी हार परत त्याच्या हातात दिला आणि घरात गेल्या.