उरलेली दोन हाडं

डॉल्फिनची शेपटी सरळ करून सुनेला आठ दिवस झाले होते, पण सासऱ्यांना सांगायचा धीर काही होत नव्हता. संग्रहालयातला तो सांगाडा तीस वर्षांपूर्वी त्यांनीच जोडला होता. तिलाही हे काम त्यांनीच शिकवलं. ते निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं तिने त्यांची शिडी धरली. आता सांगावं तर घरात अबोला, न सांगावं तर कामाशी बेइमानी. इकडे आड, तिकडे विहीर.

आज सासरे स्वतःच दालनात येऊन उभे राहिले. मान वर करून पाहिलं.

"शेपटीला काय केलंस?"

"सरळ केली, बाबा. तुम्ही डावीकडे वळवली होती."

"पोहताना वळते ती."

"माशाची वळते. हा मासा नाही. याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी धावायचे. धावताना कुत्र्याची पाठ खालीवर होते ना? याची पाठ आणि शेपटी पाण्यात तशीच खालीवर होते."

ती हे एका दमात बोलून गेली. या माणसाने आमटी खारट केली तरी दोष मिठाला दिला होता.

"कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच म्हणतात," ते म्हणाले. "हे बरं सरळ झालं."

मग त्यांनी खिशातून गोळ्यांची डबी काढली. आत कापसावर बोटाएवढी दोन हाडं होती.

"तेव्हा ही उरली. कुठेच बसेनात. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल म्हणून घरी नेली. तीस वर्षं कपाटात पडून आहेत मेली. तूच लाव आता."

तिला त्यांची फार दया आली.

"बाबा, ही कमरेची हाडं. मागचे पाय गेले, ही तेवढी राहिली. ही कण्याला जोडलेलीच नसतात, नुसती मांसात असतात. तुम्हाला सांधा सापडणार कुठून?"

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"शेपटीत चुकलं होतं. यात नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. तिने हाडांना बारीक तार बांधली आणि शिडी लावली. ती दुसऱ्या पायरीवर पोचली तेव्हा खालून त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली.

"डावं जरा खाली घे," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "नाही, राहू दे. तुला जास्त कळतं."