गजांवर कोरलेलं नाव

ऐन हंगामात जालन्याच्या कापूस-जिनिंगातला बॉयलर थंड पडला. भट्टीच्या जाळीचे तीन गज मोडून निखारे खाली सांडले होते.

"तुमचे गज दोन हंगाम जळणार न्हाईत म्हणले होते ना?" मॅनेजर आबारावांनी सगळ्या कामगारांदेखत धर्मराजला विचारलं.

"लोखंडच हलकं होतं," हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन आलेला तो बोलून गेला. "रखमाजीनं माल बदलला असेल."

गज घडवणारा म्हातारा रखमाजी लोहार तिथंच उभा होता. आबारावांनी त्याला त्याच पावली घरी पाठवलं.

दुपारी धर्मराजनं मोडके तुकडे पुसून पाहिले. साधं लोखंड लाल तापलं की त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून त्यानं जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, फुटक्या पातेल्यांचा कीस, माती आणि नवसागर यांत गज पुरून दिवसभर तापवले होते. अ‍ॅल्युमिनियम लोखंडात मुरून त्याची नखाएवढी जाड कातडी झाली होती. ती हवा आत शिरू देत नाही. बाकी सगळीकडे ती शाबूत होती. तिन्ही गज तुटले होते ते एकाच ठिकाणी, छिन्नीनं 'धर्मराज' कोरलं होतं तिथं.

नाव त्यानंच कोरायला लावलं होतं.

"साहेब, वरचे टवके उडून राह्यले," रखमाजी तेव्हा म्हणाला होता. "नाव कशाला?"

"तू ठोक रे!"

ती कातडी ठिसूळ असते, टवका उडाला की खालचं लोखंड उघडं पडून जळतं, हे त्यानं पुस्तकात वाचलेलं होतं. त्याचे कान तापले.

संध्याकाळी तो लोहाराच्या दारात गेला. रखमाजी तापल्या कुदळीला धार लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मामा, लोखंड चांगलंच होतं. चूक माझी."

"आता मामा झालो व्हय? सकाळी तर चोर होतो." कुदळ पाण्यात चरचरली. "हे कोणाला सांगून राह्यले? मला ठावं हाय."

"मंग काय करू?"

"ज्यांच्यासमोर म्हणले, त्यांच्यासमोर म्हणा."

"उद्या आबारावांच्या कानावर घालतो."

"कानावर न्हाई. चार माणसांत."

दुसऱ्या दिवशी भोंग्याआधी फाटकापाशी सगळे जमले होते. रखमाजी मागं, भिंतीला टेकून उभा होता. धर्मराजनं तुटका गज वर धरला. नाव आपल्याकडे वळवलं होतं, ते त्यानं लोकांकडे फिरवलं.

"माल बदलला न्हाई," तो पुटपुटला. "मी खोटं बोललो."

कोणीतरी फिसकन हसलं.

"जोरात म्हणा," आबाराव म्हणाले, "मागं ऐकू येत न्हाई."

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.