पळसघरच्या पाच रेघा

मंगळवार, २६ जुलै २००५. संध्याकाळचे पावणेसात. पनवेल तालुक्यातलं पळसघर, आसडी नदीचा डावा काठ. पाणी माझ्या छातीला लागलं, घटकाभर तिथंच थांबलं आणि मग बोटभर खाली गेलं. पूर ओसरायला लागला, हे गावात सगळ्यांच्या आधी मला कळलं. ते कळणं हेच माझं काम होतं.

मी पळसघरचा पुराचा दगड. इतकी वर्षं बोललो नाही, कारण बोलण्याची गरज नव्हती. अंगावरच्या रेघा बोलायच्या. त्या रेघांनाच खोटं पाडलं, तेव्हा हे सांगणं भाग पडलं.

आधी नदी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आसडी लहान आहे, उगमापासून संगमापर्यंत जेमतेम चौदा किलोमीटर. माथेरानच्या डोंगराच्या पश्चिम उतारावर हेदवाडी म्हणून ठाकर आदिवासींची सोळा घरं आहेत, त्यांच्या डोक्यावर तिचा उगम. पुढे उजवीकडून तिला खैरओहळ मिळतो आणि पळसघरच्या जरा वर डावीकडून धोंडओहळ. हा धोंडओहळ आठ महिने कोरडा. नवी माणसं त्याला गाडीवाट समजतात आणि त्यात गाड्या लावतात. पावसाळ्यात मात्र तो आसडीपेक्षा जास्त पाणी आणतो. पळसघर ओलांडलं की साकव, म्हणजे छोटा पूल, साकवापुढे आसडी गाढी नदीत शिरते आणि गाढी पनवेलच्या खाडीत.

खाडीला भरती असली की गाढी आसडीचं पाणी घेत नाही. दार लावलेलं पाहून पाहुणा ओसरीवर टेकतो, तशी आसडी तेव्हा पळसघरसमोरच्या, उजव्या काठावरच्या भातखाचरांत टेकायची. चौदा एकर खोलगट जमीन. भरती उतरली की पाणी निघून जायचं. नदीची ओसरी होती ती. तिच्यावर कुणी घर बांधलं नाही, कारण मी समोर उभा होतो.

मी धोंडओहळाच्या काळ्या कातळातला. पाथरवटांनी मला फोडून काढलं आणि गावाने काठावरच्या उंबराखाली उभं केलं. मला देव म्हणून आणलं नव्हतं, मापासाठी आणलं होतं. मोठा पूर आला की पाणी जिथवर चढलं तिथे रेघ कोरायची. ज्या घरात पाणी आधी शिरलं, त्या घरच्या बाईने नारळी पौर्णिमेला रेघेत शेंदूर भरायचा. आणि नवं घर बांधताना उंबरा वरच्या रेघेपेक्षा वीतभर उंच घालायचा. लिहिलेला नियम नव्हता, पण तो मोडलेलं एकही घर गावात नव्हतं.

उंची नेण्याची रीतही सोपी. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो. नळीचं एक टोक माझ्या रेघेला धरायचं, दुसरं नव्या घराच्या जागी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं. पाणी खोटं बोलत नाही, म्हणून गवंडीही खोटा पडत नाही.

त्या दिवशी चार रेघा बुडाल्या. म्हातारे दाजी गळ्याएवढ्या पाण्यातून उंबराशी आले. मागे तुळशीराम गवंडी, दातांत छिन्नी धरून. साकवाजवळ किराण्याचं दुकान असलेले नझीरभाई कुवेतहून आणलेला कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या बांधावर उभे होते.

"कोर रं, बगत काय ऱ्हायलास?" दाजी म्हणाले.

"पानी आजून हालतंय, दाजी."

"पानी हालतंय का तुझा हात?"

तुळशीरामने पाचवी रेघ कोरली. नझीरभाईंनी फोटो काढला. पूर ओसरल्यावर माझी पूर्ण उंची उघडी पडली, तेव्हा आणखी एक काढला. त्या पौर्णिमेला शेंदूर सुनंदाने भरला. तुळशीरामच्या चुलतभावाची ती बायको. तिचं कुडाचं घर काठाला सगळ्यात जवळ होतं आणि पाणी आधी तिथेच शिरलं होतं.

दाजी २००८ साली वारले. पुढच्याच वर्षी समोरच्या खाचरांपाशी पाटी लागली: निवासी प्लॉट, नवीन पनवेलपासून वीस मिनिटं. पाटीवर निळी नदी होती आणि तिच्या काठी बाकावर बसलेलं गोरं जोडपं. ते वीस मिनिटांचं अंतर कोणत्या वाहनाने मोजलं, हे पाटीवर नव्हतं.

त्या प्लॉटचे ले-आउटवाले गावात आले ते पेढे घेऊन. म्हणाले, तुमच्या देवाच्या डोक्यावर छप्पर नाही, आम्ही स्टीलची छत्री देतो, टाइल्सही आमच्या. मला देव म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गावालाही ते गोड वाटलं. तसा मी २००५ च्या पुरानंतर थोडा कललो होतोच. "देव वाकडा बरा दिसत नाय," असं बैठकीत कुणीतरी म्हटलं आणि ते सगळ्यांना पटलं. वाकडा असलो तरी खरा होतो, हे सांगणारे दाजी उरले नव्हते.

छत्री टेम्पोतून आली. चार खांब, वर कळस. उभी केली तर आत मोकळी उंची सहा फूट, आणि मी जमिनीवर आठ फूट तीन इंच.

"आता छत्री कापायची का देव?" तुळशीराम हसत म्हणाला.

कुणीतरी सुचवलं, थोडं खाली घ्या. तुळशीरामने खड्डा केला, मला अडीच फूट खाली सोडलं, ओळंबा लावून सरळ केलं आणि भोवती काँक्रीट ओतलं. वर पांढऱ्या टाइल्स. भटजी आले, प्राणप्रतिष्ठा झाली, जेवणावळ उठली. माझ्या खालच्या दोन रेघा टाइल्सखाली गेल्या आणि वरच्या तिन्ही रेघा अडीच फूट खाली आल्या. ज्या गवंड्याने आयुष्यभर माझ्यावरून नळी धरली, त्यानेच हे केलं. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांसमोर मी माप नव्हतो, देव होतो. देवाचं माप घ्यायचं त्याला सुचलं नाही.

२०१० मध्ये पूररेषेची मोजणी झाली. इंद्रजीत नावाचा तरुण सर्वेअर पुण्याहून आला होता. कामात चोख होता, हे मान्य करतो. त्याने दुर्बीण लावली, पट्टी धरली आणि जमलेल्या लोकांना विचारलं, "काका, हा दगड पहिल्यापासून याच जागेवर आहे ना? हलवलेला नाही?"

"हितंच हाय. आमच्या आज्याच्या आज्यापासनं," तिघांनी एका सुरात सांगितलं.

ते खरंच होतं. जागा तीच होती. खोली त्याने विचारली नाही आणि यांनी सांगितली नाही. त्याने वरची रेघ मोजली, वहीत आकडा लिहिला, चहा घेतला आणि गेला. पुढे नकाशावर निळी रेषा उमटली, खऱ्यापेक्षा अडीच फूट खालून. समोरची चौदा एकर ओसरी पूररेषेच्या बाहेर पडली, म्हणजे बांधकामाला मोकळी झाली. महिन्याभरात मुरमाचे डंपर सुरू झाले.

२०१२ मध्ये सुनंदाने पक्कं घर बांधायला काढलं. नवरा उरणला कंटेनर यार्डात कामाला, घराचं सगळं ती बघायची. तुळशीराम नळी घेऊन आला. सुनंदाने स्वतः माझ्या पाचव्या रेघेला टोक धरलं.

"भावजी, वीतभर वर घ्या. तुमची वीत नको, माजी घ्या. तुमची दारू पिऊन आखडलीय."

"वैनी, ही वीत गावातल्या तीस घरांच्या उंबऱ्याला लागलीय."

"मंग एकतिसाव्याला नीट लावा."

नीट लावली. पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीला थांबलं. नळी खोटी नव्हती, वीत खोटी नव्हती. खोटा मी होतो, आणि मला ओरडता येत नव्हतं.

बुधवार, ३० जुलै २०१४, दुपारचे साडेतीन. खाडीला भरती. धोंडओहळ फुगून आला. आसडी सवयीने उजवीकडे वळली, तर तिथे नऊ फूट भराव. ती डावीकडे फिरली. माझी वरची रेघ बुडाली, तिच्यावर पाणी सव्वादोन फूट चढलं, माझं फक्त डोकं कोरडं राहिलं. सुनंदाच्या नव्या घरात गुडघाभर पाणी. गॅसची शेगडी, गाद्या, नवऱ्याने यार्डातून आणलेला जुना फ्रिज, सगळं गेलं. भिंती उभ्या राहिल्या, पण आता प्रत्येक पावसाळ्यात त्या घरात राहायचं कसं, हा प्रश्न तिच्या पुढ्यात येऊन पडला.

दुसऱ्या दिवशी गाव म्हणत होतं, इतका पूर कधीच आला नव्हता. दगडच सांगतोय, आणखी काय पाहिजे. सुनंदा नझीरभाईंच्या दुकानात मीठ आणायला गेली, तेव्हा तीही तेच म्हणाली.

नझीरभाई वजन करता करता थांबले. "बाई, २००५ ला माझी तांदळाची पोती भिजली होती. सातव्या पायरीच्या वर पानी. काल सातवी पायरी बुडली, पन पोती कोरडी. बघ हात लावून."

"मंग दगड काय झूट बोलतोय, चाचा?"

"ते मला नाय म्हाईत. माझी पायरी झूट बोलत नाय."

सुनंदा मीठ तिथेच ठेवून माझ्यापाशी आली. पदराने चिखल पुसला. रेघा मोजल्या. तीन. पुन्हा मोजल्या. तीनच. मग ती माझ्या पायाशी पांढऱ्या टाइल्सवर बसली आणि मी टाइल्सखाली कुठे शिरलोय ते बोटाने चाचपू लागली.

संध्याकाळी तिने तुळशीरामला बोलावलं. "भावजी, दगडाला रेघा किती?"

"पाच."

"दाखवा."

त्याने बघितलं. त्याचा चेहरा मी आधी एकदाच असा पाहिला होता, दाजींना खांदा देताना.

"तुमच्याच हातानं माजा उंबरा बुडवलात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

गावाने टाइल्स फोडायला नकार दिला. प्रतिष्ठा झालेल्या देवाला धक्का लावायचा नाही, असं ठरलं. तुळशीराम सकाळी एकटा हातोडा घेऊन आला. लोक जमले, दोघं-चौघं ओरडले, पण हात धरायला कुणी पुढे आलं नाही. त्याने काँक्रीट फोडलं, दोन दिवस फोडत राहिला. पहिली आणि दुसरी रेघ उघडी पडली. शेंदूर अजून ओला असल्यासारखा लाल होता.

सुनंदाने अर्ज लिहवून घेतला. पूररेषा चुकली आहे, फेरमोजणी करा, भराव थांबवा. सोबत नझीरभाईंचे २००५ चे दोन फोटो जोडले. तालुक्याला सात खेपा झाल्या. आठव्या खेपेला साहेबांनी फाइल उघडली.

"दगड मूळ जागेवर असल्याचं तुमच्याच गावाने सांगितलंय," ते म्हणाले. "आणि आता तुम्ही तो उकरलाय. म्हणजे पुरावा तुम्हीच बिघडवलात, बाई."

"फोटो हायत ना, साहेब."

"फोटोत फूटपट्टी नाही."

२०१६ उजाडलं तरी फेरमोजणी झाली नव्हती. भरावावर तीन इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीचं नाव नदीच्या नावावरून ठेवलं आहे. सुनंदाने घराच्या आत पत्र्याचा माळा घातला आहे. जूनमध्ये धान्य, कपडे आणि लेकीची पुस्तकं वर जातात, दिवाळीला खाली येतात. ती तुळशीरामशी बोलत नाही. तो तिच्या दारावरून मान खाली घालून जातो. गावात कुणालाही विचारा, चूक कुणाची, तर बोट तुळशीरामकडे जातं. त्याची चूक आहेच, तो स्वतःही नाकारत नाही.

मी अजून खड्ड्यात उभा आहे. पायाशी फुटक्या टाइल्स, डोक्यावर छत्री. पाचही रेघा उघड्या आहेत, वाचणाऱ्याने वाचाव्यात. मला देवपण नको, माझी उंची परत द्या, एवढंच माझं मागणं.

आणि एक साक्ष राहिली आहे. ती माझ्याखेरीज कुणाजवळ नाही. छत्री येण्याच्या तीन आठवडे आधी, फेब्रुवारी २००९ मधल्या एका दुपारी, गाव जेवायला बसलेलं असताना, ले-आउटच्या गाडीतून दोन माणसं उंबराखाली आली होती. एकाने माझ्या पायापासून डोक्यापर्यंत टेप लावला आणि मोठ्याने वाचलं, "आठ फूट तीन इंच." दुसऱ्याने ते लिहून घेतलं. मग त्याने पाचव्या रेघेची उंची विचारली. तीही लिहून घेतली.

छत्री आली ती सहा फुटांची.