नमुन्यादाखल शरयू

बुधवारी मी माहितीपुस्तिकेत बायकोचा पत्ता बदलला आणि संध्याकाळी आमचं घर गंगापूर रोडवर नव्हतं. ते सिडकोत, एका लाँड्रीच्या वर सापडलं. किल्ली लागली. आत शरयूने चहा टाकला होता.

"जिना चढून दम लागला मला," ती म्हणाली. "पत्ता बदलायचाच होता तर एखादी लिफ्ट तरी लिहायचीस."

आमची कंपनी बिलं दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर बनवते. ते माणसांनी वापरायचं नाही, एआय एजंटांनी वापरायचं, आणि कसं वापरायचं ते मी मराठीत लिहून देतो. प्रत्येक उदाहरणात एक नमुना ग्राहक लागतो. 'अबक' लिहायचा मला मनस्वी कंटाळा आहे, म्हणून मी शरयूचं नाव घातलं. "घरात तुझ्यासारखा नमुना असताना माझं नाव कशाला?" असं म्हणून ती तेव्हा हसली होती.

एजंट माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचतात. मी पूर्णविराम दिला की ते तेवढं काम करून मोकळे होतात. रोज त्यांच्यात एखादा वाढतो, त्यामुळे आता मला खुर्ची मागे घेता येत नाही. बोलायला ते नम्र आहेत, पण त्यांचे प्रश्न डोकं उठवतात.

"सर, 'शक्यतो' म्हणजे किती?"

"म्हणजे जमलं तर."

"जमतं, सर."

गुरुवारी मी 'नग' हा रकाना समजावला. एकाचे दोन कसे करावेत, एवढंच. घरी गेलो तर दोन शरयू गवार निवडत बसल्या होत्या आणि माझ्यावरून एकमेकींना टाळ्या देत होत्या. मी चपला न काढता ऑफिसात परत आलो आणि दोनाचा एक कसा करावा तेही लिहिलं. घरी एकच उरली. कुठली उरली, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

त्यानंतर ती पातळ होत गेली. दंडाला हात लावला तर बोटांना कडक, कोऱ्या कागदासारखं लागायचं. पंखा लावला की ती कपाटाला धरून उभी राहायची. "मला काही होत नाहीये, तू बस बरं एका जागी," असं म्हणायची, पण मला बसवत नव्हतं. मला तिची भयंकर काळजी वाटत होती.

मी घोलप मॅडमकडे गेलो. पुस्तिकेचं काम त्याच बघतात.

"मॅडम, नमुन्याचं नाव बदलू का?"

"बदला की. दुसरं कोणाचं घालणार?"

नाव बदललं तर शरयू दुसरीच कोणी तरी होईल, हे मला त्यांच्या दारातच कळलं.

"राहू दे," मी म्हणालो.

"मग शेवटचं प्रकरण द्या आज. बिल रद्द कसं करायचं, ते."

तो शब्द मला लिहायचा नव्हता. मला शरयू हवी होती, आहे तशी, टोमण्यांसकट. दुपार झाली तरी मी पळवाट शोधत होतो. मागे एजंट इतके दाटले होते की माझं पोट टेबलाला टेकलं होतं. पण मराठीत माझा हात कोणी धरू शकत नाही, अशी माझी समजूत आहे, आणि शेवटी सुचलंच. रद्द काहीच करायचं नाही. जुनं राहू द्यायचं आणि नवं बनवायचं. दुकानात सगळे म्हणतात तसं मी साध्या भाषेत लिहिलं: 'शरयूच्या नावाने बिल फाडावं.' आणि सुटल्यासारखा पूर्णविराम दिला.

"सर, 'फाडावं' म्हणजे फाडावंच ना?"

"हो रे बाबांनो. असंच म्हणतात."

सगळे एकदम निघून गेले. खुर्ची सहज मागे सरकली. आपल्याकडे बिल फाडतात म्हणजे बनवून हातात देतात, हे मी त्यांना कुठेच समजावलं नव्हतं.

मी धावत घरी आलो. लाँड्रीवाल्याने वर बोट दाखवलं आणि इस्त्री फिरवत राहिला. स्वयंपाकघरात एजंट भिंतीला लागून अदबीने उभे होते. शरयू मधोमध स्टुलावर बसली होती. तिच्या भांगापासून कपाळावर, नाकावरून, हनुवटीवरून आणि खाली गळ्यापर्यंत टाचणीने टोचल्यासारख्या बारीक भोकांची सरळ ओळ होती.

"बनवा," मी ओरडलो. "फाडा म्हणजे बनवा! मी शब्द बदलतो."

"पूर्णविराम झालाय, सर," एक जण म्हणाला.

"श्रीरंग, ओरडू नकोस," शरयू म्हणाली. ओळ ओठांवरून गेली होती, म्हणून ती जपून बोलत होती. "यांना घाई आहे आणि हात धड नाहीत. वाकडं फाटेल. तू एक बाजू धर."

मी डावी बाजू धरली.