दोघांच्या मधली हातगाडी

मित्रांनो, दोन चाके, दोन दांडे आणि मध्ये पाच फळ्या, एवढाच माझा सगळा पसारा. मी एक जुनी हातगाडी आहे. समुद्राकाठी लोक तंबू ठोकून चार दिवस राहायला येतात, अशा एका तळावर माझे आयुष्य गेले. मोटारी फाटकाशी थांबतात. तिथून पुढे पाय रुतवणारी वाळू आहे. आलेल्या माणसांचे सामान त्यांच्या जागेपर्यंत नेणे आणि चार दिवसांनी ते परत फाटकाशी आणून सोडणे, हे माझे काम. त्यामुळे माणसे मला दोनदाच भेटत, येताना आणि जाताना. मधले त्यांचे पोहणे, गाणी म्हणणे, पत्त्यांवरून भांडणे मी लांबूनच ऐकायची. "पुढच्या वर्षी नक्की येऊ," असे जाताना सगळेच म्हणत. काही खरेच येत.

मला बनवले ते होड्या दुरुस्त करणाऱ्या एका सुताराने. तळही त्यानेच सुरू केला. एक होडी मोडीत निघाली होती. तिच्या फळ्या त्याने रंध्याने साफ केल्या, कुठल्याशा मोटारसायकलची रुंद चाके मिळवली आणि मला उभी केली. बायको म्हणाली, "एवढी रुंद चाकं कशाला?" तो म्हणाला, "बारीक चाक वाळूत रुसून बसतं. मग त्याची समजूत काढत बसा."

त्या दोघांना एक मुलगी आणि तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान मुलगा. मुलगा तिला ताई म्हणे, म्हणून पुढे सगळा तळ तिला ताई म्हणू लागला. ती त्याला भाऊ म्हणे, म्हणून तो सगळ्यांचा भाऊ झाला. आता तो पन्नाशीच्या पुढे गेला आहे, पण मी त्याला 'तो' असेच म्हणणार. मी त्याला चड्डीत धावताना पाहिले आहे.

माझी उमेदीची वर्षे फार चांगली गेली. सुट्ट्यांच्या दिवसांत मला दम खायला वेळ नसे. तंबू, स्टोव्ह, गाद्या, गळ, कुणाची तरी सतार, एकदा तर शिवणयंत्रसुद्धा मी वाहून नेले. सुतार दर पंधरा दिवसांनी माझ्या आसाला तेल घाली आणि चाकाला हात लावून म्हणे, "ही आहे म्हणून आपण आहोत." एवढ्या कौतुकाने मी महिनाभर हलकी चालायची.

मग काळ पुढे गेला. सुतार वारला. ताई लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. भाऊने लग्न केले नाही. तो आणि आई, दोघे तळ सांभाळू लागली. आई बदामाच्या झाडाखाली पाय पसरून बसे आणि दाभणाने फाटके तंबू शिवत राही. आलेगेले लोक तिच्यापाशी घटकाभर टेकत. पुढे आई आजारी पडली आणि पंधरा दिवसांत गेली. ताई तिसऱ्या दिवशी पोचली. "गाड्या मिळाल्या नाहीत," एवढेच ती म्हणाली आणि चार दिवसांनी परतली.

दोन वर्षांनी ताईचे यजमानही वारले. तिची मुलगी परदेशी होती. ताईने घर बंद केले आणि एक ट्रंक, एक पिशवी घेऊन कायमची माहेरी आली. तिचे सामान फाटकापासून मीच आणले. वाटेत ती एकदम थांबली. तिथे बदामाचे झाड नव्हते. गुडघ्याएवढे खोड उरले होते आणि शेजारी तंबूच्या नव्या जागेची पाटी रोवलेली होती, 'जागा पंधरा'.

"आईचं झाड तोडलंस?" ताईने विचारले.

"तोडलं."

"मला विचारलंही नाहीस."

भाऊने माझे दांडे घट्ट धरले होते. तो म्हणाला, "विचारायला तू होतीस कुठे? झाडाच्या वेळीही नव्हतीस आणि आईच्या वेळीही नव्हतीस."

तिने ट्रंक माझ्यावरून स्वतः उतरवली आणि ओढत नेली. वाळूत उमटलेला तो चर वाऱ्याने दुपारपर्यंत बुजवला. ती दोघे मात्र त्यानंतर चार वर्षे एकमेकांशी एक शब्द बोलली नाहीत.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा जागेत हे जमते कसे? जमते, मित्रांनो. ताईने उंचवट्यावरचे स्वयंपाकघर घेतले, भाऊने खालचा तंबूंचा भाग. मध्ये दोनशे पावलांची वाळू आणि तिच्यावरून ये-जा करणारी मी. सकाळी भाऊ मला स्वयंपाकघराच्या दाराशी उभी करून पाठ फिरवून निघून जाई. ताई माझ्यात चहाची किटली, तंबूवाल्यांची न्याहारी आणि धुतलेल्या चादरी ठेवी. ती आत गेली की भाऊ येऊन मला खाली ओढून नेई. बरोबर साडेबाराला भाऊचा डबा ठेवी. मी रिकामी भांडी, जळण आणि पाण्याचे कॅन घेऊन परत येई. सांगायचे काही असले तर ते माझ्या बाजूच्या फळीवर खडूने लिहिले जाई. 'मीठ आणणे.' 'डबा धुऊन पाठवणे.' 'नऊ नंबरला लहान मूल आहे, दूध जास्त देणे.' त्या लिहिण्यात 'तू' नव्हते आणि 'तुम्ही'ही नव्हते. जणू मीठ आपले आपणच आणले जाणार होते.

येणाऱ्या लोकांना वाटे, काय शिस्तीचा कारभार आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. माणूस फार दिवस गप्प राहू शकत नाही. समोर माणूस नसेल तर ते वस्तूशी बोलते. दुपारी सगळीकडे सामसूम झाली की भाऊ माझ्या आसाला तेल घालता घालता पुटपुटे, "पोखरलेलं होतं गं ते. ढोलीत हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. वादळात कुणाच्या तंबूवर पडलं असतं म्हणजे? तीन वेळा करवत खाली ठेवली मी. पण हिला काय, खोड दिसलं आणि पाटी दिसली."

आणि संध्याकाळी भांडी उतरवताना ताई माझ्या कठड्यावर हात ठेवून म्हणे, "मी कुठे होते म्हणतो. यांच्या पोटाचं ऑपरेशन होतं त्याच आठवड्यात. दवाखान्यात बाकावर झोपत होते मी. त्याला कळवलं असतं तर तो आईला बघणार की आम्हाला? म्हणून नाही कळवलं. आता सांगून काय, बहाणा वाटेल."

दोघांचेही मला ठाऊक होते. ढोली मला ठाऊक होती आणि बाकही ठाऊक होता. दिवसातून सहा वेळा मी एकाकडून दुसऱ्याकडे जात होते. चहा पोचवत होते, चादरी पोचवत होते. एवढे एकच पोचवता येत नव्हते. मला चाके आहेत, तोंड नाही. मित्रांनो, एकटेपणा म्हणजे कुणीच जवळ नसणे, असे तुम्ही म्हणाल. मला त्याचा दुसरा प्रकार माहीत आहे. दोघेही जवळ असतात, दोघांचेही मन आपल्यापाशी असते, आणि आपल्याला बोलता येत नाही.

चौथ्या वर्षी हंगाम संपला. शेवटचा तंबू निघाला. तळावर ती दोघे, मी आणि वारा एवढेच उरलो. अशाच एका सकाळी समुद्र फुगलेला होता. लाकडी धक्क्याच्या सुट्या फळ्या भरती यायच्या आत काढून आणाव्यात म्हणून भाऊ मला घेऊन ओहोटीच्या वाळूतून धक्क्याच्या टोकाशी गेला. फोन त्याने खोलीत चार्जिंगला लावून ठेवला होता. सहा फळ्या माझ्यावर चढल्या. सातवी उचलताना शेवाळावरून त्याचा पाय सटकला आणि दोन खांबांच्या मध्ये अडकून पिळला गेला. मी तो आवाज ऐकला. सुकी काटकी मोडावी तसा होता.

पाय कसाबसा सोडवून तो कोपरांवर सरपटत माझ्यापर्यंत आला. पुढे त्याला हलता येईना. पाणी हळूहळू वर सरकत होते. तळावर हाक मारावी असे एकच माणूस होते. त्याने तोंड उघडले आणि मिटले. मग हातोडी घेऊन तो माझ्या लोखंडी पट्टीवर ठोकू लागला. ठण, ठण, ठण. वारा उलटा होता. आवाज समुद्राकडेच जात होता. चार वर्षांची सवय किती चिवट असते पाहा. पाणी माझ्या चाकाला लागले तरी तो ठोकतच होता. मला आयुष्यात कधी नव्हे एवढा त्याचा राग आला. बाबा रे, दोन अक्षरांची हाक आहे, मार की.

पाणी त्याच्या कमरेशी आले तेव्हा त्याने हातोडी सोडली आणि ओरडला, "ताई! ए ताई!"

ती हाकही वाऱ्याने नेली. पण साडेबारा वाजून गेले होते. स्वयंपाकघराच्या दाराशी मी आले नव्हते. चार वर्षांत असे एकदाही झाले नव्हते. ताई डबा हातात घेऊन खाली शोधायला आली होती आणि फाटकाच्या बाजूने परत फिरणार होती. तेवढ्यात तिला पाण्यात उभी असलेली मी दिसले. ती धावत आली. साठीला टेकलेली बाई त्या वाळूतून धावली.

तिने भाऊकडे पाहिले, त्याच्या पायाकडे पाहिले. म्हणाली, "हाक मारता येत नव्हती?"

"मारली."

"कधी?"

"आत्ता."

"आणि इतका वेळ काय करत होतास?"

"ठोकत होतो," भाऊ म्हणाला.

ताईने डबा त्याच्या हातात दिला. माझ्यावरच्या फळ्या एकेक करून तिने पाण्यात ढकलून दिल्या. मग काखेत हात घालून, ओढून, दम घेत, पुन्हा ओढून तिने त्याला माझ्यात चढवले. तो कळवळला तशी म्हणाली, "ओरड, ओरड. ऐकायला मीच आहे." आणि दांडे धरून ओढू लागली. मी माझी सगळी ताकद लावली, मित्रांनो. चाक रुतले की ती थांबे, वाळू हाताने उकरी आणि पुन्हा ओढी. पंधरा नंबरच्या पाटीपाशी ती दमून खोडावर बसली. पाणी मागे राहिले होते.

डबा मांडीवर घेऊन भाऊ म्हणाला, "आतून पोकळ होतं ते झाड. हात घालून बघ, खाली अजून भोक आहे."

ताईने वाकून हात घातला. बराच वेळ तिने तो बाहेर काढला नाही. मग म्हणाली, "आईच्या वेळी तुझ्या भावोजींचं ऑपरेशन होतं. मी दवाखान्यात होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला आईचंच पुरेसं होतं."

त्याने डबा उघडून तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "आधी तुझा पाय," आणि उठली. पण उठताना तिने त्यातला एक घास घेतला. मी पाहिला.

पुढे दवाखाना झाला, प्लास्टर झाले. दीड महिन्याने भाऊ काठी टेकत परत आला. डॉक्टरांनी त्याला ओझे ओढायला मनाई केली, तेव्हा तळावर बॅटरीवर चालणारी एक ठेंगणी गाडी आली. ती आवाज करत नाही, रुतत नाही, तिला तेलही लागत नाही. मला धुण्याच्या शेडमागे उभे केले. एक चाक बसले आहे, दोन फळ्यांना वाळवी लागली आहे.

भाऊ आता स्वयंपाकघरातच बसून जेवतो. दोघे दिवसभर बोलतात, मिठावरून भांडतात, आईच्या आठवणी काढतात. चार वर्षांचे साचलेले आहे, संपत नाही. माझ्याशी मात्र आता कुणी बोलत नाही. खोटे कशाला सांगू, सुरुवातीला वाईट वाटले. जे मी मनापासून मागितले तेच मिळाले, आणि ते मिळाल्यावर माझी गरज उरली नाही. रात्री लाटांचा आवाज ऐकताना मला अजून ती पुटपुट आठवते.

गेल्या सुट्टीत एक दहा-अकरा वर्षांची मुलगी शेडमागे आली आणि माझ्यात चढून गुडघ्यात डोके घालून बसली. नाक ओढत मलाच सांगू लागली, "दुर्बीण मी नाही पाडली. दादाला वाटतं मीच पाडली. मी आता त्याच्याशी कधीच बोलणार नाही." किती दिवसांनी कुणीतरी माझ्या फळीवर हात ठेवला होता. ती तासभर बसली असती तर मला हवेच होते.

तरीही माझ्या मनात एकच होते. पोरी, ऊठ. मला सांगून काही होत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, त्यांना पावसात टाकू नका. त्या तुमचे ओझे आनंदाने वाहतील. पण जे माणसाला सांगायचे ते त्यांच्यापाशी ठेवू नका. ते ओझे आम्हाला उतरवता येत नाही.

लांबून कुणीतरी त्या मुलीला शोधत हाका मारत होते. तिने डोळे पुसले, थोडा वेळ ऐकले आणि मग ओरडली, "दादा, मी इथे आहे!" उडी मारून ती आवाजाच्या दिशेने पळाली. तिच्या उडीने मी एका बाजूला कलले आणि अजून तशीच कललेली आहे.