खंडेनवमीची सुट्टी

मित्रांनो, मी झेनॉनची एक जुनी नळी आहे. तुम्ही मला पाहिले असते तर पाण्याचा पाइप समजला असतात. दोन हजार सतराच्या दसऱ्याला जे घडले, तेवढे सांगण्यापुरतीच आता मी उरले आहे.

मला घडवताना कारागिरांनी माझ्या पोटातली हवा काढून घेतली आणि तिथे झेनॉन दाबून भरला. हा राजवायू. सहसा कुणाशी संयोग करत नाही. पण किरणोत्सर्ग लागला की तो क्षणभर उजळतो. तो उजेड माणसांना दिसत नाही. माझ्या टोकाशी बसवलेला काचेचा डोळा तो टिपतो आणि घंटा वाजवतो. आत उजळायचे आणि बाहेर ओरडायचे, हेच माझे काम.

खालापूरजवळ अब्बासचाचांच्या भंगाराच्या वखारीत, फाटकावर मला बसवले. भंगारातून एखादा किरणोत्सर्गी तुकडा आत येऊ नये म्हणून. गजा फाटक सांभाळी. येसूबाई कळंबहून येई आणि ढिगाशी बसून पितळ, तांबे वेगळे करी. टाइल्सच्या मातीतही किंचित किरणोत्सर्ग असतो, म्हणून कधी नुसत्या टाइल्स आल्या तरी मी वाजे. गजा हसे, "हिला फरशी बघून पन रडू येतं!"

मग एकदा खरोखरच तसा तुकडा निघाला. सरकारी माणसांनी तो शिशाच्या डब्यात घालून नेला. तेव्हापासून येसूबाई येता-जाता मला पदराने पुसू लागली. "राखणदारीण हाय ही आमची," म्हणे. एवढी माया मला कुणी लावली नव्हती.

त्या वर्षी खंडेनवमीला चाचा महाडला लग्नाला गेले होते. वखारीत काटा, हातोडे, कटर यांची पूजा झाली. मलाही हळदकुंकू लागले, झेंडूची माळ मिळाली. पूजलेले हत्यार त्या दिवशी राबवायचे नसते. येसूबाईने गजाला माझे बटन बंद करायला लावले.

तेवढ्यात एक टेंपो आला. ड्रायव्हरला सणासाठी घर गाठायचे होते.

"मावशी, मशीन लावू काय?" गजाने विचारले.

"पूजलेल्याला हात लावतोस व्हय रं? वरीसभर राबती ती. आज निजू दे तिला."

माल फाटकाशीच ओतला गेला. माझ्या आत उजेड होत होता. डोळा मात्र मिटलेला होता.

दसरा झाल्यावर गजाने बटन दाबले आणि मी ओरडू लागले. फाटकात एकही गाडी नव्हती.

"मावशी, तुझं हळदकुंकू बाधलं गं हिला!"

"तुझी जीभ बाधली असंल," म्हणत तिने मला ओल्या फडक्याने पुसले. मी थांबेना. मशीन बिघडली, चाचा आले की बघतील, असे म्हणून गजाने मला पुन्हा बंद केले.

येसूबाई ढिगाशी जाऊन बसली. नव्या मालात तिला पोलादाचा एक चकचकीत, गुळगुळीत तुकडा सापडला होता. तो मुठीत छान बसे. रोज त्यानेच ती पितळी नटांवरचा मळ ठोकून काढी. त्याची झळ मला पोचत होती, आणि मी मुकी होते.

काही दिवसांनी चाचा परतले. त्यांनी बटन दाबले. मी वाजले, आणि ते जागीच थबकले.

"गाडी नाय, तरी वाजते? अरे गजा, म्हणजे वस्तू आतच हाय! येसू, टाक ते हातातलं! लांब हो!"

येसूबाई उठली. तिची बोटे लाल झाली होती. भंगारातले ॲसिड लागले असेल, असेच तिला वाटत होते.

चाचांनी पुढे वखार विकली. ते दहिवलीला असतात, फारसे बोलत नाहीत. गजा कोंडाण्याकडे एका रिसॉर्टच्या फाटकावर आहे. कुठे घंटा वाजली की आधी धावतो. माझ्या जोडातून हवा आत शिरली आहे. हवा मिसळली की झेनॉनचा उजेड मालवत जातो. नव्या मालकाने मला गोणपाटाखाली टाकले आहे. मित्रांनो, राखणाऱ्याला माळ जरूर घाला. पण त्याचे तोंड बंद करू नका.

येसूबाईच्या उजव्या हाताची तीन बोटे कापावी लागली. वखार विकली जाण्याआधी, पुढच्या खंडेनवमीला ती कळंबहून मुद्दाम आली. डाव्या हाताने तिने मला कुंकू लावले. ते वाकडे लागले. गजाने सवयीने बटनाकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "हिला सुट्टी नाय."

त्यानंतर ती आली नाही. तिच्या जाण्याची बातमीच आली.