विझण्याचं काम

मित्रांनो, मी एक जुनी विजेरी आहे. माझं बटण दाबून पाहायचं असेल तर खुशाल दाबा, रोज कुणी ना कुणी दाबतंच. टक् असा आवाज होईल आणि पुढे काहीच होणार नाही. माझ्यातला उजेड संपला आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं वाईटही वाटत नाही. मी दमले आहे.

माझा जन्म ओसाकाजवळच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याचं अंग, जाड काच आणि पोटात तीन गलेलठ्ठ सेल. बोटीतून मी दक्षिणेला ओकिनावा बेटावर आले आणि बंदरालगतच्या दुकानात गळ आणि दोरखंडांच्या शेजारी टांगली गेले. तिथून याबिकु नावाच्या एका कोळ्यानं मला घरी नेलं. ओहोटी लागली की तो उघड्या पडलेल्या खडकांवर जायचा आणि बिळात दडलेली आठ हातांची माकुळं शोधायचा. गुडघाभर पाण्यात उभा राहून माझ्याशीच बोलायचा, "जरा डावीकडे दाखव गं, हां, तिथेच आहे बघ लबाड." मी फक्त पेटायचं होतं. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

तो गेला. त्याच्या बायकोनं, नाएनं, मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं. ती बाजारात मासे विकायची आणि संध्याकाळी एकटीच जेवायची. त्या सुमारास आमच्या किनाऱ्यावर वर्दळ वाढू लागली होती. दुसऱ्या महायुद्धात ज्या टेकड्यांवर लढाई झाली तो सगळा भाग राखीव उद्यान झाला होता आणि लांबलांबच्या शाळा विमानानं मुलांना घेऊन तिथे यायच्या. मुलांना गुहा दाखवायच्या, लढाईत गावकरी तिथे कसे लपून राहिले ते सांगायचं, असा कार्यक्रम. पण सांगणार कोण? लहानपणी त्या गुहेत राहिलेली माणसं आता थोडीच उरली होती, आणि नाए त्यांतली एक होती.

उद्यानाची माणसं घरी आली तेव्हा ती म्हणाली, "मला भाषण येत नाही. मला मासे कापता येतात." ती माणसं पुन्हा आली, तेव्हा तिनं चहा दिला आणि नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मात्र ती उठली आणि तिनं मला खिळ्यावरून काढलं.

ती गुहा उसाच्या शेताखाली आहे. वरून पाहिलं तर नुसती झाडी, आणि झाडीत जमिनीला पडलेलं तोंड. मुलं डोक्यावर शिरस्त्राण, हातात मोजे आणि आपापली विजेरी घेऊन घसरत, किंचाळत खाली उतरायची. नाए आजी, कारण मुलं तिला पहिल्या दिवसापासून आजीच म्हणू लागली, मागून ओरडायची, "हळू रे. वटवाघळं झोपली आहेत. तुमच्यासारखी सहल नाही त्यांना." खाली सपाट दगडांवर सगळे बसले की ती सांगायला लागायची. छतातून टपकणारं पाणी भांड्यात कसं धरायचे, एक रताळं किती जणांत वाटायचे, वास कसा यायचा. मुलं नाकं मुरडायची, मग हळूहळू मुरडायची थांबायची. आणि शेवटी ती म्हणायची, "आता सगळ्यांनी बॅटऱ्या विझवा. माझी पेटेपर्यंत कुणी पेटवायची नाही."

सगळ्यांत शेवटी ती मला विझवायची.

मित्रांनो, माकुळांच्या डोळ्यांत उजेड मारून त्यांना दिपवणारी मी, आणि माझं नाव झालं ते विझण्यामुळे. घरी गेल्यावर मुलं त्या काळोखाबद्दलच बोलत. स्वतःचा हात दिसत नव्हता म्हणत. शिक्षक म्हणत, "आजी काळोखात एक शब्द बोलत नाहीत, त्यातच सगळं येतं." हे ऐकून मला हसावं की रडावं कळत नसे. मी तिच्या मुठीत असायचे, म्हणून मला ठाऊक होतं. तिचा अंगठा माझ्या बटणावरून हलत नसे आणि तळहात घामानं निथळत असे. ती बोलत नव्हती, कारण तिला बोलता येत नव्हतं.

तिच्या काळोखात कुणीही विजेरी पेटवत नाही, याची हळूहळू ख्याती झाली. शाळांमध्ये चढाओढच लागली. आमच्या मुलांनी हूं की चूं केलं नाही, असं शिक्षक एकमेकांना अभिमानानं सांगत. तीही मान डोलवायची. वर येताच प्रत्येक मुलाच्या हातावर काळ्या गुळाचा खडा ठेवायची आणि म्हणायची, "शहाणी पोरं."

वर्षं गेली. आजीचे गुडघे गेले आणि माझा रंग गेला. मग उद्यानात रिसा आली. तरुण, चपळ, सगळ्या गुहांचे नकाशे तोंडपाठ. पुढे हा कार्यक्रम तिनंच चालवायचा होता, म्हणून ती आजीच्या मागे मागे फिरून शिकत होती.

एकदा ती म्हणाली, "आजी, ही नवी घ्या ना. कपाळाला बांधायची, हात मोकळे राहतात."

"मोकळ्या हातांनी करू काय? तिथे मला हातात काहीतरी धरायला लागतं."

"निदान हिचे सेल तरी बदलू द्या."

"बदलीन गं. माझ्यापेक्षा ती धडधाकट आहे."

बदलले नाहीत. पावसाळी वादळांच्या दिवसांत शाळा येत नाहीत. तेव्हा मी फळीवर पडून राहिले, आणि माझ्या पोटात सेल पाझरले. स्प्रिंग हिरवी पडली. ते आतून खाल्लं जाणं मला कळत होतं, पण सांगणार कुणाला? उजेडाखेरीज मला दुसरी भाषा नव्हती.

वादळं सरली आणि सहावीचा एक वर्ग आला. त्यांचे कुवाबारा सर फार टापटिपीचे. गुहेच्या तोंडाशी मुलांना उभं करून म्हणाले, "शाळेचं नाव राखा. आजींची बॅटरी पेटायच्या आधी कुणी पेटवली तर माझ्याशी गाठ आहे." उतरताना मी कशीबशी पेटले. रिसा सगळ्यांच्या मागे होती. कोहारु नावाची एक मुलगी आजीच्या जरा पुढेच रेंगाळत होती, तिला आजी म्हणाली, "तू माझ्याजवळ बस. माझी काठी हो आज." मुलगी तिच्या कोपराला धरून बसली.

गोष्ट झाली. विजेऱ्या विझल्या. मी विझले.

काळोख नेहमीचा होता. पाणी टपकत होतं. मग नेहमीच्या वेळी आजीनं अंगठा दाबला. टक्. मी पेटले नाही. तिनं पुन्हा दाबला, पुन्हा. मी आतून जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. पण हिरव्या पडलेल्या स्प्रिंगला ते जमेना.

तिच्या एका शब्दासरशी सगळ्या विजेऱ्या पेटल्या असत्या. तो शब्द तिला सापडेना. मुलांना वाटलं, हाच धडा आहे. सरांनाही तेच वाटलं. मागे रिसाला वाटलं, आज आजी जरा लांबवताहेत. सगळे गुणी, सगळे गप्प, आणि माझ्याभोवतीची मूठ मात्र थरथरत होती.

"आजी?" कोहारु कुजबुजली.

"श्श," सरांचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"सर, आजींचा हात थरथरतोय."

"कोहारु, गप्प बस. आजींच्या आधी नाही."

ती गप्प बसली. थोडाच वेळ. मग तिनं आपली विजेरी पेटवली.

उजेडात सगळ्यांनी पाहिलं. आजी गुडघे पोटाशी घेऊन दगडाला चिकटून बसली होती. एका हातात मी होते, आणि दुसऱ्या हातानं तिनं स्वतःचंच तोंड घट्ट दाबून धरलं होतं.

सरांचा गैरसमज गेला नाही. ते कंबरेत वाकून म्हणाले, "आजी, माफ करा. आजवर कुणी केलं नाही ते आमच्या मुलीनं केलं." मागून एक मुलगा पुटपुटला, "हिला जरा म्हणून धीर नाही." कोहारुचे डोळे भरले आणि तिचा अंगठा पुन्हा बटणाकडे गेला.

"विझवू नकोस," आजी म्हणाली.

त्या दगडावर उजेड गेल्यानंतर तिनं उच्चारलेले ते पहिले शब्द.

"सर, तिला रागावू नका. मी तुम्हाला सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. इथे आमच्यासोबत आपलेच सैनिक होते. त्यांचा हुकूम होता, बाहेरून कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, शत्रू असेल. माझी आई पाण्याला गेली होती. अंधार पडल्यावर वरून हाक आली. नाए, नाए. आवाज आईचा होता. तिच्या पायाला लागलं होतं, आत यायला कुणाचा तरी हात हवा होता. आम्ही एवढी माणसं इथे बसलो होतो. सगळ्यांनी ऐकलं. ओ कुणी दिली नाही. मीही नाही. मग हाका थांबल्या." तिनं मला मांडीवर ठेवलं. "सकाळी सगळे मला म्हणाले, फार शहाणी मुलगी आहे."

पाणी टपकत होतं.

"आणि एवढी वर्षं मी काय केलं? याच दगडावर बसून तुमच्यासारख्या पोरांना काळोखात गप्प बसायला शिकवलं. वर गूळ दिला."

कुवाबारा सर ओल्या दगडावर तसेच खाली बसले, कडक इस्त्रीच्या विजारीसकट. मग त्यांनी आपली विजेरी पेटवली. त्यांच्यानंतर मुलांनी एकेक करून पेटवल्या, आणि मी जन्मभर पाहिली नव्हती एवढी ती गुहा उजळली. मी तेवढी काळी राहिले. मला लाज वाटत होती, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

वर आल्यावर आजीनं कोहारुच्या हातावर गुळाचे दोन खडे ठेवले.

"तिला दोन का?" तो मघाचा मुलगा म्हणाला.

"तू पेटवली असतीस तर तुलाही मिळाले असते."

तेव्हापासून गुहेतला नियम बदलला. आता रिसा सांगते, "बॅटऱ्या विझवा. पण आपली केव्हा पेटवायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं." कधी काळोख बराच टिकतो, कधी लगेच कुणीतरी पेटवतं, आणि काही शिक्षक मग कुरकुरतात. रिसानं माझी स्प्रिंग घासून पाहिली, पण माझ्यात काही राहिलं नव्हतं. म्हणून मी आता वरच्या मांडवात टेबलावर असते, तुमच्यासारख्यांनी बटण दाबायला. आजीला गुहेत उतरवत नाही. ती माझ्या शेजारी खुर्ची टाकून गुळाचा डबा मांडीवर घेऊन बसते. मुलं वर आली की आधी रिसाला विचारते, "आज कुणी पेटवली का गं?"

पेटवली म्हटलं की तिचा चेहरा खुलतो. ज्या दिवशी कुणीच पेटवत नाही, त्या दिवशी गूळ वाटताना ती प्रत्येक मुलाकडे काळजीनं पाहते. "एवढी शहाणी पोरं बरी नव्हेत," म्हणते, आणि माझ्यावर हात ठेवते.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या विजेरीचे सेल वेळच्या वेळी बदला. ती बोलत नाही म्हणून ठीक आहे असं धरून चालू नका. आणि कधी काळोखात तुमच्या शेजारचं माणूस थरथरतंय असं कळलं, तर तुमच्या आधी कुणीतरी पेटवेल याची वाट पाहू नका. मी त्या दिवशी पेटू शकले नाही. तुमची चालते आहे.